पाणी किती वाजता येणार, ते सांगा

जुलैच्या मध्यात मोबाइल वाजतो. कोल्हापूरला ऑरेंज अलर्ट. घाटमाथ्यावर तुरळक ठिकाणी अतिमुसळधार पावसाची शक्यता. कागल तालुक्यातल्या बिद्रीतला शेतकरी तो वाचतो आणि एकच प्रश्न विचारतो: नदीवरची मोटार आज काढू, का उद्या सकाळी?

त्याचं उत्तर त्या संदेशात नसतं.

पाऊस किती पडणार, हे हवामान विभाग सांगतो. मोठ्या नद्यांची पातळी केंद्रीय जल आयोग सांगतो. धरणातून किती सोडणार, हे पाटबंधारे खातं सांगतं. घर कुणी कधी सोडायचं, हे जिल्हा प्रशासन सांगतं. चौघंही आपापलं काम करतात आणि मन लावून करतात. पण या चौघांची बेरीज मुदाळ तिट्ट्यावर छत्री धरून उभ्या असलेल्या माणसानं करायची?

मोजमापंच बघा. पाऊस मिलिमीटरमध्ये. धरणातलं पाणी टीएमसीत. विसर्ग क्युसेकमध्ये. जल आयोगाची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये. आणि राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगा फुटांत आणि इंचांत. एक टीएमसी म्हणजे 11,574 क्युसेकनं दिवसभर वाहणारं पाणी, हे कुणी पाठ करून ठेवायचं? ज्याचा गोठा नदीकाठी आहे, त्यानं?

गावाचं माप वेगळं आहे. सुरूपली बुडाला का? बस्तवडे बुडाला का? बाचणीवरून पाणी गेलं का? वेदगंगेवरचे आणि दूधगंगेवरचे हे बंधारे म्हणजे इथल्या माणसाच्या डोळ्यासमोरच्या मोजपट्ट्या. अंदाज द्यायचा तर तो या मोजपट्ट्यांवर द्यायला हवा. आज रोज काय येतं? ‘पुढील बंधारे पाण्याखाली गेले आहेत.’

गेले आहेत! जाणार आहेत, हे कधी कळणार?

रंगांचंही तसंच. हवामान विभागाचा केशरी रंग पावसासाठी. जल आयोगाचा केशरी रंग नदीच्या पातळीसाठी. रंग एक, गोष्टी दोन. घाटात लाल इशारा असताना कागलच्या पूर्वेला ऊन पडलेलं असतं. तिथला माणूस आभाळाकडे बघतो, इशारा खोटा ठरवतो आणि झोपतो. पाणी रात्री येतं.

कोल्हापूर जिल्हा एका रंगात मावत नाही. गगनबावड्यात आणि शिरोळात पडणाऱ्या पावसात कितीतरी पटींचा फरक आहे. हवामान विभाग आता घाटमाथ्याचा इशारा वेगळा देतो, ही चांगली सुधारणा. पण पूर घाटमाथ्यावर पडतो आणि शिरोळात राहायला येतो. मधल्या प्रवासाचं वेळापत्रक कोण देणार? वेदगंगेच्या वरच्या खोऱ्यात, पाटगावला आज ढग फुटल्यासारखा पाऊस झाला, तर ते पाणी गारगोटीला कधी, मुरगूडला कधी, निपाणीजवळच्या यमगर्णीला कधी?

यमगर्णीचं नाव मुद्दाम घेतलं. 2019 मध्ये आणि 2021 मध्ये पुणे-बेंगळुरू राष्ट्रीय महामार्ग तिथं पाण्याखाली गेला. तिथं महामार्ग अडवणारी नदी कोणती? कृष्णा नाही. पंचगंगा नाही. आमची वेदगंगा. भुदरगडातल्या पावसानं दोन राज्यांची वाहतूक थांबवली, तरी तिचं नाव इशाऱ्यात शेवटच्या ओळीत.

आपल्याला पूर सांगता येत नाही, असं मुळीच नाही. देशात शास्त्रीय पूर अंदाज 1958 मध्ये सुरू झाला, दिल्लीत, यमुनेवर. हवामान विभागाची स्वतंत्र पूर कार्यालयं आहेत. ती नद्यांच्या उपखोऱ्यांवर किती पाऊस पडेल, याचा अंदाज जल आयोगाला कळवतात. कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत जलसंपदा विभागानं स्वयंचलित मापनकेंद्रं बसवली, त्यांचे आकडे उपग्रहामार्फत येतात. महसूल मंडळनिहाय पर्जन्यमापकं आहेत. रडार आहे, उपग्रह आहे, संगणकावरची प्रारूपं आहेत. 2023 पासून जल आयोगाचं फ्लडवॉच हे ॲपही आहे.

मग अडतं कुठं?

शेवटच्या तीस किलोमीटरमध्ये.

कृष्णेच्या वरच्या खोऱ्यात जल आयोगाची ठाणी आहेत: कुरुंदवाड, अर्जुनवाड, तेरवाड, आणि दूधगंगेवर सदलगा. सदलगा कुठं? चिकोडी तालुक्यात, कर्नाटकात, आमच्या बरंच खाली. म्हणजे पाणी आधी बिद्री परिसरातल्या शिवारांतून जातं आणि मग तिथं मोजलं जातं. ते मोजमाप खालच्यांच्या कामाचं, यात शंका नाही. वरच्यांनी कुणाच्या भरवशावर झोपायचं?

उपखोऱ्याची सरासरी ही दुसरी अडचण. पाटगावचा पाऊस आणि कागलचा पाऊस एकत्र करून सरासरी काढली की आकडा शहाणा दिसतो. नदी सरासरीनं चढत नाही.

2019 आणि 2021 शेजारी ठेवून बघा. दोन्ही वेळा पंचगंगेनं 43 फुटांची धोक्याची पातळी केव्हाच मागं टाकली, पहिल्यांदा 55 फुटांच्या पुढे, दुसऱ्यांदा 56 फुटांपर्यंत. लोक दोन्ही पूर एकाच दमात सांगतात. पण ते दोन वेगळे पूर होते.

2019 चा पूर सावकाश शिजला. जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पाऊस थांबलाच नाही. धरणं भरत आली, भरली, सोडावी लागली, आणि वरून पाऊस चालूच. 2021 चा पूर झडप घालून आला. 22 आणि 23 जुलैच्या दरम्यान महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला. एका दिवसात! घाटमाथ्यावर सगळीकडे तसाच मारा होता. धरणाखालच्या मोकळ्या पाणलोटात पडलेलं पाणी कुणाच्या दरवाजातून जात नाही. त्याला थेट नदी मिळते.

पहिल्या पुरात प्रश्न होता: धरणात जागा कधी करायची? दुसऱ्यात प्रश्न होता: धरण नसलेल्या ओढ्यांतून किती येतंय? पहिल्याचं उत्तर द्यायला पाटबंधारे खात्याला पावसाचा पाच-सहा दिवसांचा अंदाज हवा. दुसऱ्याचं द्यायला हवामान खात्याला ओढ्याचा, उताराचा आणि जमीन किती पाणी पिऊन बसली आहे याचा हिशेब हवा. एकाची गरज दुसऱ्याच्या टेबलावर पडून आहे. टेबलं मात्र वेगवेगळ्या शहरांत.

राधानगरीचं उदाहरण घ्या. छत्रपती शाहू महाराजांच्या दूरदृष्टीचं हे धरण, त्याबद्दल जिल्हा कायमचा ऋणी आहे. त्याचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी पूर्ण पातळीला टेकलं की एकेक उघडतो आणि प्रत्येकातून 1,428 क्युसेक पाणी सुटतं. हे दरवाजे पातळी ओळखतात. अंदाज ओळखत नाहीत. उद्या आभाळ फाटणार आहे, हे त्यांना कोण सांगणार? म्हणजे राधानगरीच्या बाबतीत जे करायचं ते धरण भरण्याआधी, माणसांनी, कागदावर सही करून. आणि ती सही करायची तर हातात भरवशाचा अंदाज पाहिजे.

काळम्मावाडीला तशी अडचण नाही. तिथले वक्राकार दरवाजे माणूस ठरवेल तेव्हा उघडतात. 25 टीएमसीहून मोठं हे धरण महाराष्ट्र आणि कर्नाटक यांचं मिळून आहे आणि दूधगंगाकाठची झोप त्याच्यावर अवलंबून आहे. तिथं प्रश्न वेगळा: लवकर सोडलं आणि पाऊस गेला तर उन्हाळ्यात बोंब, उशिरा सोडलं आणि पाऊस आला तर पावसाळ्यात बोंब. अभियंत्यानं कुणाचं ऐकायचं? त्याला एकट्याला या कात्रीत ठेवणं अन्याय आहे. पावसाचा अंदाज देणारा त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसला पाहिजे. निर्णय दोघांचा, जबाबदारी दोघांची.

हे जगात कुठं होतं का? होतं.

2007 च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये मोठा पूर आला. 13 माणसं गेली, सुमारे 55 हजार घरं आणि दुकानं पाण्यात गेली. सर मायकल पिट यांनी चौकशी केली आणि 2008 मध्ये अहवाल दिला. त्यातून एक गोष्ट लगेच झाली. हवामान खातं आणि नद्या सांभाळणारी पर्यावरण संस्था यांनी 2009 मध्ये एकच पूर अंदाज केंद्र काढलं. हवामानतज्ज्ञ आणि जलशास्त्रज्ञ एका खोलीत. रोज सकाळी पुढच्या पाच दिवसांचं एकच पत्रक. त्यात पूर येण्याची शक्यता किती आणि आला तर नुकसान किती, हे दोन्ही एकत्र तोलून एक रंग दिला जातो.

पूर जून-जुलैत, अहवाल वर्षभरात, केंद्र दुसऱ्या वर्षी. आणि आपल्याकडे?

आपल्याकडे 2019 च्या पुरानंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. 2020 मध्ये अहवाल आला. कर्नाटकातल्या, कृष्णेवरच्या अलमट्टी आणि हिप्परगी यांच्यामुळे हा पूर आला नाही, असा तिचा निष्कर्ष होता. त्यावर जो वाद सुरू झाला तो अजून चालू आहे. अलमट्टीची उंची वाढवण्याला विरोध करायचा तर जोरात करा, तो लढा शिरोळच्या माणसासाठी खरा आहे. पण वेदगंगेचं पाणी बस्तवड्याला किती वाजता येणार, याचा अलमट्टीशी काय संबंध? ते सांगायला कुणाची परवानगी लागते?

इंग्लंड लांब आहे, तर मुंबई घ्या. जून 2020 मध्ये मुंबईसाठी आयफ्लोज ही पूर इशारा यंत्रणा सुरू झाली. केंद्राचं पृथ्वी विज्ञान मंत्रालय, हवामान विभाग आणि महापालिका यांनी मिळून ती उभी केली. पाऊस, मिठी नदी, भरती, शहराचा उतार, कुठल्या वॉर्डात किती पाणी, हे सगळं एकाच यंत्रणेत. म्हणजे आपल्या राज्यात, आपल्या माणसांना हे येतं. मुंबईच्या वॉर्डाला जे मिळतं ते कागल तालुक्यातल्या गावाला का मिळू नये? इथं पाणी कमी ओलं असतं?

नदीला सीमा माहीत नाही, हे भाषणात सगळे म्हणतात. जून 2021 मध्ये तेव्हाचे जलसंपदा मंत्री जयंत पाटील बेंगळुरूला जाऊन कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री येडियुरप्पांना भेटले. पुराच्या काळात दोन्ही राज्यांनी धरणांची माहिती त्या त्या वेळी एकमेकांना द्यायची, हे ठरलं. चांगलं पाऊल होतं. महिन्याभरात पूर आला. मंत्र्यांच्या भेटीनं सुरुवात होते. चालवायला दोन्हीकडचे कनिष्ठ अभियंते रात्री दोन वाजता एकमेकांना फोन करू शकले पाहिजेत, तेही वरून कुणाला न विचारता.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अंदाज आला, अचूक आला, वेळेवर आला. बिद्रीत त्याचं काय करायचं?

नदीकाठच्या मोटारी काढायच्या. एका शेतकऱ्याची पाच-सात अश्वशक्तीची मोटार दोघं-तिघं मिळून काढतात. पाणीपुरवठा संस्थेची मोठी मोटार काढायला साखळी लागते, ट्रॅक्टर लागतो, आठ-दहा माणसं लागतात आणि उजेड लागतो. स्टार्टर काढायचा, पेटी काढायची. जनावरं हलवायची, म्हणजे आधी वैरण हलवायची. म्हातारी माणसं पाहुण्यांकडे पोचवायची, तीही रस्ता चालू असेतो. या कामाला दुपार पुरते. मध्यरात्री फोन आला तर काहीच पुरत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. पाणी चढल्यावर निघावं लागतं तेव्हा काय होतं, हे त्या गावाला विचारा.

बारा तास. कोरड्या उजेडाचे बारा तास मिळाले तर या पट्ट्यातलं निम्मं नुकसान टळेल, असं मी छातीवर हात ठेवून म्हणतो.

ऊस तर उचलून नेता येत नाही. खरं आहे. पण ऊस दोन दिवस पाण्यात उभा राहिला तरी तग धरतो, शेंडा बुडून पोंग्यात गाळ बसला की कुजतो. कुठल्या पातळीला कुणाचा शेंडा बुडेल, हे आधी कळलं तर पंचनामा निम्मा तयार असेल. आज पाणी ओसरल्यावर तलाठी चिखल तुडवत गटांचे नंबर शोधत फिरतो.

आणि ही माहिती आहे! इथंच आहे. बिद्रीचा साखर कारखाना नावातच दूधगंगा आणि वेदगंगा घेऊन उभा आहे. कारखान्याकडे कार्यक्षेत्रातल्या उसाची नोंद आहे: गट नंबर, क्षेत्र, लागणीची तारीख, जात, सभासदाचा फोन. उसाची नोंद करणाऱ्या चिटबॉयला विचारा, कुठल्या सरीपर्यंत 2019 चं पाणी आलं होतं आणि कुठल्या बांधापर्यंत 2021 चं. तो न अडखळता सांगेल. इंग्रजांच्या त्या पत्रकात नुकसानीचा जो अर्धा भाग असतो, तो आमच्या शेती विभागाच्या दप्तरात पडून आहे. पूर अंदाज करणाऱ्यानं तो कधी मागितला?

तसंच दूध संस्थांचं. गावातली निम्मी घरं दिवसातून दोनदा किटली घेऊन संस्थेत येतात. सकाळी आणि संध्याकाळी. यापेक्षा भरवशाची जागा इशारा द्यायला दुसरी कुठली? 2019 मध्ये गोकुळ दूध संघाचं संकलन ठप्प झालं, गाड्या पोचल्या नाहीत, घरोघरी दूध वाया गेलं. रस्ता कधी बंद होणार हे आदल्या संध्याकाळी संस्थेच्या फळ्यावर लिहिलं असतं तर? ॲप चांगलं आहे, मोबाइलवरचा भोंगाही चांगला आहे. पण पावसात वीज जाते, टॉवर जातो, बॅटरी जाते. फळा राहतो.

अधिकाऱ्यांच्या मनातली भीती मला कळते. अंदाज दिला आणि पाणी आलं नाही तर? लोक बोलतील, पत्रकार लिहितील, पुढच्या वेळी कुणी हलणार नाही. म्हणून इशारा इतका सैल ठेवायचा की तो चुकूच नये. ‘तुरळक ठिकाणी’, ‘शक्यता’, ‘सतर्क राहावे’. असा इशारा कधीच चुकत नाही.

आणि कधीच उपयोगाला येत नाही.

शेतकऱ्याला अनिश्चितता शिकवू नका. मृगाच्या भरवशावर बियाणं मातीत टाकणारा माणूस तो, दहात सात म्हणजे काय हे त्याला कुणापेक्षाही नीट कळतं. दहात सात वेळा पाणी येईल म्हणून सांगा, तो मोटार काढेल. दहात दोन म्हणा, तो दोर तयार ठेवून घरी जेवायला जाईल. चुकलात तर दुसऱ्या दिवशी सांगा, का चुकलं ते. एका खोट्या इशाऱ्यानं विश्वास उडतो हे मला पटत नाही. गप्प राहिलेल्या कार्यालयावरचा विश्वास उडतो.

दर वर्षी मे महिन्यात मान्सूनपूर्व आढावा बैठक होते. बोटी तपासतात, लाइफ जॅकेट मोजतात, एनडीआरएफची तुकडी कधी येणार ते ठरतं, 1077 चा फोन चालू आहे का बघतात. हे सगळं हवंच. पण हे सगळं पाणी आल्यानंतरचं. त्याच बैठकीत हवामान विभागाचा माणूस, जल आयोगाचा माणूस, पाटबंधाऱ्याचा अभियंता आणि निपाणीकडचा कर्नाटकचा अधिकारी यांना एका टेबलावर बसवा आणि वेदगंगा-दूधगंगेच्या एकेका बंधाऱ्याचा जुना हिशेब काढायला लावा. पाटगावला इतका पाऊस, धरणातून इतका विसर्ग, मग कुरणीला इतक्या तासांनी इतकी पातळी. 2019, 2021 आणि 2024 या तीन पुरांच्या नोंदी कुठल्या ना कुठल्या वहीत आहेत. वह्या एकत्र आणायला नवा निधी लागत नाही.

मग पत्रक असं निघेल: ‘वेदगंगा, बस्तवडे बंधारा. आज रात्री 10 ते 2 या वेळात पाणी पात्राबाहेर पडण्याची शक्यता दहात सात. मोटारी अंधार पडण्याआधी काढा. नदीकाठचा रस्ता पहाटे बंद होऊ शकतो, दुधाची गाडी आज रात्रीच न्या. सुधारित अंदाज उद्या सकाळी 7 वाजता.’ खाली सही हवामान विभागाची आणि जलसंपदा विभागाची, दोघांची, एकाच कागदावर. एक प्रत कारखान्याच्या शेती विभागाला, एक प्रत्येक दूध संस्थेला, एक निपाणीच्या तहसीलदारांना कानडीत.

यातलं कुठलं काम येत्या जूनपर्यंत होण्यासारखं नाही, ते जिल्हाधिकाऱ्यांनी सांगावं.